चावी हरवली म्हणून गाडी ‘डायरेक्ट’ करू नका

कोहमारा हे गाव फार मोठे नाही, परंतु येथील चौक मोठा आहे. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या चौकातून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता तो ५३ आहे. पश्चिमेला साकोली, भंडारा, नागपूर. पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगड. उत्तरेला गोरेगाव आणि गोंदिया. दक्षिणेला नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाव. चारही दिशांची माणसे येथे चढतात आणि उतरतात. आसपासच्या खेड्यांतील कष्टकरी माणूस सकाळी मोटारसायकलने चौकापर्यंत येतो, ओळखीच्या पानठेल्याजवळ गाडी उभी करतो आणि एसटीने किंवा काळीपिवळीने कामाला निघून जातो. संध्याकाळी परत आल्यावर तीच गाडी त्याला घरी पोहोचविते.

या गाड्या बहुतेक जुन्या असतात. दुसऱ्या, तिसऱ्या हाताने घेतलेल्या. कंपनीचे हिरो होंडा हे नाव २०११ साली बदलून हिरो मोटोकॉर्प झाले, पण आपल्या लोकांच्या तोंडी ती गाडी अजून हिरो होंडाच आहे. १९९६ पर्यंत बनलेली आरएक्स १०० एखाद्या घरी अजून जीव धरून आहे. कुणाकडे राजदूत आहे. बाजारात अशा गाडीला किंमत कमी असेल, परंतु घरात तिची किंमत फार मोठी आहे. धानाचे बियाणे तिच्यावरूनच येते, मुलगी परीक्षेला तिच्यावरूनच जाते, रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायलाही तीच लागते. अशा गाडीची चावी रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात पडली किंवा मंडईच्या गर्दीत खिशातून गेली, की घराचे चाक थांबते. या वेळी आम्ही याच लहान वाटणाऱ्या, परंतु लहान नसलेल्या विषयावर लिहीत आहोत.

स्वस्त उपाय महाग का पडतो

चावी हरवली की माणूस पहिल्यांदा गॅरेजच्या मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री सांगतो, “भाऊ, चाबीच्या मागे कुठं फिरता? डायरेक्ट करून देतो.” डायरेक्ट करणे म्हणजे काय, हे आपल्या पोरांना सांगावे लागत नाही. स्विचच्या वायर सोडवून गाडी चावीवाचून चालू होईल अशी करायची, फार तर एक साधे बटण बसवायचे. दहा मिनिटांचे काम, पैसेही थोडे. मिस्त्रीचा हेतू वाईट नसतो. गिऱ्हाईकाचा रोज बुडू नये हेच तो पाहत असतो.

परंतु असे केल्याने गाडी तुमच्यापुरती चालू झाली असे नाही, ती सगळ्यांसाठी चालू झाली. जे बटण तुम्ही दाबता ते दुसराही दाबू शकतो. हँडल लॉकही गेले, कारण ते त्याच चावीने लागते. टाकीचे झाकण एक तर बंद पडते किंवा तोडावे लागते, आणि मग पेट्रोलही सुरक्षित राहत नाही. ज्या गाडीला दिवसभर चौकात एकटी सोडून तुम्ही चाळीस किलोमीटरवरच्या गोंदियाला जाता, तिला तुम्ही उघडी सोडली असा याचा अर्थ होतो. शिवाय उघड्या जोडलेल्या वायरमध्ये पावसाळ्यात पाणी शिरते. शॉर्ट होऊन गाडी भर रस्त्यात बंद पडते, कधी वायरिंग जळते. वाचलेले पैसे एका पावसात निघून जातात.

एवढ्यावरच थांबले असते तर आम्ही या विषयाला सदराची जागा दिली नसती. खरी अडचण नाकाबंदीत येते. रात्रीची वेळ, जुनी गाडी, चावीच्या जागी लोंबकळणाऱ्या वायर, आरसी बुकावर तिसऱ्याचेच नाव, आणि चालविणारा अठरा-वीस वर्षांचा मळक्या कपड्यातला मुलगा. चोरीची गाडी नेमकी अशीच दिसते. पोलिसाच्या जागी आपण असतो तरी आपल्यालाही शंका आली असती. अशा मुलांना सोडवून आणण्यासाठी आम्हांला ठाण्यात जावे लागले आहे. मुलगा खरा होता, गाडीही खरी होती. परंतु खरे असणे आणि खरे सिद्ध करता येणे यांत रात्रभराचे अंतर असते, आणि ती रात्र मुलगा बाकावर बसून काढतो. ज्याच्या अंगावर चांगले कपडे आणि ज्याच्या मागे ओळखीचा फोन आहे त्याला ही रात्र सहसा येत नाही. ज्याच्यामागे कोणी नाही त्याने तर गाडीची चावी आणि गाडीचा कागद या दोन गोष्टी अधिक जपल्या पाहिजेत. हेच आम्हांला आज सांगायचे आहे.

आधी हे करावे

गाडी नवी असताना कंपनी दोन चाव्या देते. दुसरी चावी कुठे गेली याचा आधी शोध घ्यावा. जुनी गाडी घेताना आपण टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, परंतु “दुसरी चावी द्या” असे म्हणत नाही. ती बहुधा पहिल्या मालकाच्या घरी एखाद्या डब्यात पडून असते. गाडी ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे एक चक्कर मारावी. चक्कर फुकट असते.

नंतर चावीचा क्रमांक पाहावा. बऱ्याच गाड्यांच्या मूळ चावीवर, किंवा चाव्यांसोबत मिळालेल्या लहान पत्र्याच्या बिल्ल्यावर एक क्रमांक कोरलेला असतो. तो बिल्ला सापडला तर अधिकृत विक्रेत्याकडे गाडीचे कागद दाखवून विचारावे. काही मॉडेलची चावी त्या क्रमांकावरून मिळते. फार जुन्या गाड्यांची अशी सोय बहुधा संपलेली असते, परंतु विचारायला पैसे पडत नाहीत.

चावी तुटली असेल तर तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवावेत. पुष्कळ लोक अर्धा तुकडा रागाने फेकून देतात. त्या दोन तुकड्यांवर चावीच्या सगळ्या खाचा शाबूत असतात आणि कारागीर ते जुळवून नवी चावी कापू शकतो. अर्धा तुकडा लॉकमध्ये अडकला असेल तर त्यात खिळा घालून खणू नये आणि चिकटवायचा डिंकही घालू नये. तो काढणे हे चावीवाल्याचे काम आहे. हँडल लॉक लागलेले असेल तर लाथ मारून किंवा हँडलला हिसका देऊन ते तोडू नये. लॉकची दांडी तुटते, तिची बैठक वाकते आणि पुढे हँडल फिरताना अडकू लागते. चालत्या गाडीचे हँडल अडकले तर काय होते हे सांगायला नको. चावीवाल्याला गाडीजवळ आणावे, किंवा गाडी मालवाहू गाडीत घालून त्याच्याकडे न्यावी.

आणखी एक विचार पहिल्याच दिवशी करावा. चावी हरवली कुठे? शेतात किंवा नदीत पडली असेल तर नवी चावी केली की काम भागले. पण ती गाडीजवळूनच नाहीशी झाली असेल, किंवा जिथे आपली गाडी सर्वांच्या ओळखीची आहे तिथे पडली असेल, तर ती कुणाच्या हाती लागली हे सांगता येत नाही. अशा वेळी नुसती नवी चावी पुरत नाही. लॉकच बदलावे, किंवा कारागिराकडून आतल्या पत्त्यांची मांडणी बदलून घ्यावी, म्हणजे जुनी चावी चालणार नाही.

लॉकच्या आत काय असते

हे समजून घेतले की कारागीर काय करतो आहे ते आपल्याला कळते, आणि कळले की फसवणूकही होत नाही. मोटारसायकलच्या लॉकमध्ये पितळेच्या किंवा तशाच धातूच्या पातळ पत्त्या ओळीने बसविलेल्या असतात. प्रत्येक पत्तीमागे एक बारीक स्प्रिंग असते. चावी नसताना पत्त्या बाहेर डोकावून लॉकच्या गोल तुकड्याला फिरू देत नाहीत. बरोबर खाचांची चावी आत गेली की प्रत्येक पत्ती आपल्या जागी सरकते, सगळ्या एका रेषेत येतात आणि तुकडा फिरतो. एकही पत्ती केसभर वर किंवा खाली राहिली तरी तो फिरत नाही.

पूर्वी असे नव्हते. जुन्या जावा गाडीची चावी खिळ्यासारखी साधी असे, आणि एका जावाची चावी दुसऱ्या जावाला चालून जाई. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात या गाड्या होत तो १९९६ साली बंद पडला. पुढे रस्त्यावर गाड्या वाढल्या, चोऱ्या वाढल्या, आणि पत्त्यांचे लॉक सर्वत्र आले. आता नव्या महागड्या गाड्यांत चावीच्या आत विजेची चिप असते. ती चावी हरवली तर मोठा खर्च येतो. आपल्या जुन्या गाड्यांना हे दुखणे नाही. त्यांची चावी हाताने होऊ शकते.

ती दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात कारागीर लॉक बाहेर काढतो, पत्त्या पाहतो आणि त्यांच्या उंचीप्रमाणे कोऱ्या चावीवर खाचा घासतो. दुसऱ्या प्रकारात लॉक काढावे लागत नाही. कोरी चावी आत घालून तो हलकेच दाब देतो. पत्त्या जिथे अडतात तिथे चावीवर बारीक खूण उमटते. चावी बाहेर काढून उजेडात धरायची, खूण पाहायची, तेवढीच जागा कानशीने घासायची आणि पुन्हा आत घालायची. असे पंधरा-वीस वेळा करावे लागते. एक घाव जास्त झाला तर कोरी चावी वाया जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ज्या गाड्यांत इग्निशन, टाकी आणि बाजूचे झाकण या तिन्हींना एकच चावी लागते, त्यांत बाजूचे लॉक काढणे सोपे असते, म्हणून काही कारागीर त्यावरून सुरुवात करतात. परंतु काही गाड्यांत या लहान लॉकमध्ये पत्त्या कमी असतात. त्यावरून केलेली चावी झाकण उघडते, पण इग्निशनला अपुरी पडते. म्हणून पैसे देण्यापूर्वी चावी प्रत्येक ठिकाणी फिरवून पाहावी: गाडी चालू करताना, बंद करताना, हँडल लॉक लावताना आणि काढताना, टाकीला, बाजूच्या झाकणाला. गाडी चालू असताना चावी ओढून पाहावी. ती बाहेर येऊ नये.

जवळ एक चावी आहे आणि दुसरी करायची आहे, असे असेल तर काम सोपे. यंत्रावर ती पाहता पाहता कापून मिळते. परंतु वीस वर्षे वापरलेली चावी झिजलेली असते. झिजलेल्या चावीची नक्कल झिजलेलीच निघते, आणि तिच्यावरून केलेली तिसरी चावी लॉकमध्ये अडू लागते. म्हणून नक्कल करताना कारागिराला सांगावे की लॉकमध्ये घालून पाहून दुरुस्त करून द्या. आणि हातातली चावी चांगली आहे तोपर्यंतच दुसरी करून ठेवावी. असलेल्या चावीवरून नक्कल करणे आणि काहीच नसताना चावी घडविणे, यांच्या मजुरीत मोठा फरक असतो.

लॉकच पार खिळखिळे झाले असेल, कोणतीही चावी घातली तरी फिरत असेल किंवा चावी आपोआप बाहेर पडत असेल, तर नवा लॉकसेट घ्यावा. यात इग्निशन स्विच, टाकीचे झाकण आणि बाजूचे लॉक एकाच चावीचे मिळतात. स्प्लेंडर १९९४ साली आली आणि आजही तयार होते, त्यामुळे तिचे सामान गावोगाव मिळते. बंद पडलेल्या गाड्यांचे सामान शोधावे लागते. दुकानात जाताना जुना स्विच सोबत न्यावा आणि वायरची जोडणी जुळते का ते पाहूनच पैसे द्यावेत. नुसता स्विच घेतला तर तो स्वस्त पडतो, पण मग एका गाडीच्या दोन निरनिराळ्या चाव्या सांभाळाव्या लागतात.

चावी घडविणारा माणूस

सायकलवर पेटी, तारेच्या कड्यात शेकडो कोऱ्या चाव्या, हातात कानस. आठवडी बाजारात किंवा तालुक्याच्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला बसणारा हा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांत शिकलगर शीख बांधव पुष्कळ आहेत. शिकलगर म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारा. तलवारी, भाले घडविणे आणि घासणे हा त्यांचा पिढीजात हुन्नर. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला, पुढे तलवारींचे दिवसच गेले, आणि ज्या हातांनी शस्त्रे घडविली ते हात कढया, बादल्या, कुलपे आणि चाव्यांकडे वळले. आज तोच हात आपल्या गाडीची चावी घासतो.

या माणसाकडे समाज कसा पाहतो? ज्याला कुलूप उघडता येते तो चोर असला पाहिजे, असे कित्येकांना वाटते. गावात चोरी झाली की पाल ठोकून राहिलेल्या चावीवाल्याची पहिली झडती होते. एखाद्याच्या हुन्नरावरून किंवा जन्मावरून त्याला गुन्हेगार ठरविणे काय असते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही. म्हणून आपण तरी या कारागिराशी मानाने बोलावे. “दोन मिनिटांचे काम, त्याचे इतके पैसे?” असे म्हणू नये. ती दोन मिनिटे येण्यासाठी त्याने लहानपणापासून कानस धरली आहे.

याचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चांगला चावीवाला आधी कागद मागतो. “गाडी तुमची कशावरून?” असे त्याने विचारले की आपल्या माणसाला राग येतो. “मी काय चोर दिसतो का?” असे म्हणून तो निघतो आणि न विचारणाऱ्याकडे जातो. राग समजण्यासारखा आहे, कारण हा प्रश्न आपल्याला आयुष्यभर नको तिथे विचारला गेला आहे. पण इथे तो योग्य आहे. जो तुम्हांला विचारतो तो उद्या तुमच्या गाडीजवळ उभ्या राहिलेल्या परक्यालाही विचारील. जो तुम्हांला विचारीत नाही, तो कुणालाच विचारणार नाही. म्हणून चावी करायला जाताना आरसी आणि स्वतःचे ओळखपत्र आपणहून पुढे करावे.

चावी कापण्याचे यंत्र लहानशा टपरीत मावते, हेही येथे नमूद करतो. चौकात वर्दळ आहे, जुन्या गाड्या भरपूर आहेत, आणि चावीसाठी लोकांना दुसऱ्या गावी जावे लागते. हाताने बारीक काम करण्याची आवड असलेल्या आपल्या एखाद्या तरुणाने एखाद्या कारागिराकडे वर्ष-सहा महिने काम शिकून हा धंदा का करू नये? महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या स्वयंरोजगारासाठीच स्थापन झाले. सध्या कोणती योजना चालू आहे याची चौकशी जिल्हा कार्यालयात जाऊन करावी.

चावी हातात, पण गाडी कुणाची?

आमच्याकडे अर्ज भरून घ्यायला आलेल्या एका बहिणीची गोष्ट सांगतो. तिचे पती वारल्यानंतर त्यांची मोटारसायकल दोन वर्षे घराच्या पडवीत उभी होती. चावी कुठे ठेवली हे त्यांनाच ठाऊक होते. मुलगा अठरा वर्षांचा झाला, लायसन काढले आणि आईला म्हणाला, “आई, मिस्त्री गाडी डायरेक्ट करून देतो म्हणतो.” आई म्हणाली, “बाबाची गाडी आहे, वायर तोडून नको.” तिने चावीवाल्याला बोलाविले. त्याने कागद मागितले, आणि कागद काढल्यावर कळले की आरसीवर पतीचेही नाव नाही. ज्याच्याकडून त्यांनी गाडी घेतली त्याचे नाव तसेच होते. पत्ता जिल्हा भंडारा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. गाडी त्याच्याही आधीची.

सुदैवाने मूळ मालक साकोलीकडे हयात होता आणि भला माणूस होता. त्याने सह्या केल्या. पण प्रत्येकाला असा माणूस सापडेलच असे नाही. चावी हरवली म्हणून तरी या घरातले कागद बाहेर आले. आपल्यापैकी किती जणांच्या घरी अशी दुसऱ्याच्या नावाची गाडी उभी आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

गाडी विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आहेत. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरावा. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि इतर वारसांची संमती लागते. मुदत उलटून गेली असली तरी घाबरून घरी बसू नये. विलंबाचे शुल्क भरून अर्ज करता येतो. आरसी हरवली असेल तर फॉर्म २६ वर दुसरी प्रत मिळते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर गाडी तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आपल्या बहुतेक गाड्या या मर्यादेपलीकडच्या आहेत, म्हणून आरसीवरील तारीख आजच पाहावी. शुल्काचे आकडे वेळोवेळी बदलतात. ते कार्यालयात किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर पाहावेत, एजंटाच्या तोंडून ऐकू नयेत.

नाव न बदलल्याने घेणाऱ्याचे जसे नुकसान होते तसे विकणाऱ्याचेही होते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, अपघात झाला तेव्हा कार्यालयाच्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. त्या प्रकरणात मोटार एका हातातून दुसऱ्या हातात अशी अनेकदा विकली गेली होती, तरी नोंद पहिल्याच्याच नावावर होती. तेव्हा ज्यांनी कधी जुनी गाडी विकून “चावी दिली, विषय संपला” असे मानले, त्यांनी लक्षात घ्यावे की नुसती चावी दिल्याने विषय संपत नाही.

आणि ज्या गाडीचे कागदच नाहीत ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे वाटण्यास कारण असूनही घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. “मला ठाऊक नव्हते” हे सांगण्यासाठीही वकील लागतो.

विम्याबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जुन्या गाडीला आपण बहुधा केवळ थर्ड पार्टी विमा काढतो. तो कायद्याने आवश्यकच आहे, परंतु त्यात गाडी चोरीला गेल्यास भरपाई मिळत नाही. ज्यांनी पूर्ण विमा काढला आहे त्यांच्याकडून चोरीनंतर विमा कंपनी गाडीच्या सगळ्या चाव्या मागते. एक चावी आधीच हरवली असेल तर ती का नाही, याचे उत्तर द्यावे लागते. म्हणून चावी हरवली त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात लेखी नोंद करून पोच घ्यावी. कोहमारा परिसरासाठी डुग्गीपार पोलीस ठाणे आहे. नोंद करणे म्हणजे तक्रार करणे नव्हे, त्याला कोणी भिऊ नये.

घरातल्या सवयी

चावी एकाची नसावी, घराची असावी. दुसरी चावी घरात ठरलेल्या एका जागी ठेवावी आणि ती जागा घरच्या बाईला ठाऊक असावी. पुरुष रात्रपाळीला गेला आणि घरात कुणी आजारी पडले तर शेजारचा मुलगा गाडी काढू शकेल. चावीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, पण बाहेरच्या कुणाला सांगू नये. किचेनवर नाव, गाव, गाडीचा नंबर लिहू नये. चावी सापडणारा प्रत्येक माणूस ती परत करायलाच येईल असे नाही. चावीच्या जुडग्यात पेटीच्या, घराच्या आणि सायकलच्या दहा चाव्या अडकवू नयेत. त्यांच्या वजनाने लॉक लवकर झिजते.

लॉक अडू लागले तर त्यात गोडेतेल किंवा इंजिनाचे ऑइल घालू नये. महामार्गावरची धूळ त्या तेलाला चिकटते आणि पत्त्या घट्ट बसतात. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चावीला लावून दोन-चार वेळा आत-बाहेर करावी. लॉक मोकळे होते. शाळेतल्या मुलाकडे हे औषध नेहमी असते. पावसाळ्यात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर चावीच्या भोकावर प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा.

आणि कागदांसाठी एक पिशवी करावी. आरसी, विमा, पीयूसी, खरेदीची पावती, फॉर्मच्या झेरॉक्स, चावी हरवल्याच्या नोंदीची पोच, सगळे त्या एकाच पिशवीत ठेवावे. ज्या कपाटात मुलांचे जातीचे दाखले आणि गुणपत्रिका जपून ठेवतो त्याच कपाटात ही पिशवी ठेवावी. ज्यांच्या गाडीची आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे त्यांनी तो माणूस हयात आहे आणि ओळख देतो आहे तोपर्यंत त्याची सही घ्यावी. या रविवारी एवढे एक काम उरकावे. अर्ज कसा भरायचा ते समजत नसेल तर आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवावे. त्यांचेही शिकणे होईल.